दिसत नाही का?

मला वह्या तपासायला आवडायचं. स्टाफरूममध्ये हे बोलले की बाकीच्या बाई हसायच्या आणि "घे मग आमच्याही" म्हणून आणखी एक गठ्ठा माझ्याकडे सरकवायच्या. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सहा वर्षं मराठी शिकवलं. एम.ए. मराठी, बी.एड. लाल पेन, निवलेला चहा, खिडकीबाहेर कवायतीची शिट्टी आणि समोर साठ-पासष्ट वह्या. चुकलेली वेलांटी, उगाच दिलेला अनुस्वार, मधेच तुटलेलं जोडाक्षर. एकेक दुरुस्त करत गठ्ठा या बाजूचा त्या बाजूला गेला की दिवस कारणी लागल्यासारखा वाटायचा.

मग लग्न झालं आणि समीरच्या नोकरीबरोबर मी मिनेसोटात आले. माझा व्हिसा एच-फोर. मंडळातल्या बऱ्याच जणींना त्याचा अर्थ सांगायला नको. २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना काम करायचा परवाना मिळतो, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची गाडी एका ठरावीक स्टेशनाला पोचलेली असावी लागते. आमची अजून पोचलेली नाही. त्यामुळे फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'होममेकर'.

ईशान लहान होता तोवर हे फारसं टोचलं नाही. तो किंडरगार्टनला जायला लागला, पिवळी बस कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, आणि सकाळी पावणेनऊ ते दुपारी साडेतीन घर माझ्या एकटीच्या अंगावर आलं. बाहेर गुडघाभर बर्फ. आत डिशवॉशरचा आवाज. आईचा फोन आला की "मजेत गं, सगळं ठीक." ठेवला की पुन्हा डिशवॉशर.

समीर म्हणाला, पायथॉन शीक. शिकायला बसले. फोटो आपोआप तारखेप्रमाणे लावून ठेवणारा एक छोटा, फुकट मिळणारा प्रोग्राम होता, तो वापरून बघायचं ठरवलं. ईशानचे हजारो फोटो तीन फोनांत विखुरलेले होते. त्या प्रोग्रामची माहितीपानं, म्हणजे डॉक्युमेंटेशन, वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर अडखळले. मजकुराच्या मधेच फुल्या आलेल्या. पाच मुद्द्यांची यादी एकाच परिच्छेदात कोंबलेली. एक वाक्य तर अर्ध्यातून तिरकं होऊन शेवटपर्यंत तिरकंच गेलेलं.

"अरे, हे कुणी तपासलेलंच नाही!" मी म्हणाले.

समीरने लॅपटॉपमधून मान वर केली नाही. "ओपन सोर्स आहे. तूच तपास की."

आपल्या मंडळात निम्मे लोक आयटीतले. त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल. बाकीच्यांसाठी सांगते. ओपन सोर्स म्हणजे ज्याची मूळ लिखापढी सगळ्यांना उघडी असते असं सॉफ्टवेअर. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. सांभाळणारे लोक ती बघतात आणि पटली तर आत घेतात. या प्रोग्रामची माहिती रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या पद्धतीने लिहिलेली होती. त्यात मजकूर साधाच असतो, फक्त जागोजागी खुणा करायच्या. शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक फुली दिली की तो तिरका होतो, दोन-दोन दिल्या की ठळक. शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची रेघ ओढली की ते शीर्षक. मग स्फिंक्स नावाचं साधन या खुणा वाचून नीटस वेबपानं तयार करतं. हे स्फिंक्स गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथॉनच्याच डॉक्युमेंटेशनसाठी केलं आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. आज लिनक्सच्या गाभ्याची माहितीसुद्धा त्यातूनच तयार होते.

पानं तयार होताना स्फिंक्सला काही खटकलं तर ते वॉर्निंग देतं. फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि पुढे तक्रार. 'शीर्षकाखालची रेघ तोकडी आहे.' 'फुली उघडली, पण मिटलेली नाही.' 'इथे अनपेक्षित समास सोडलाय.' 'यादी संपली, पण पुढे रिकामी ओळ नाही.' वॉर्निंग आली तरी काम थांबत नाही. पान तयार होतंच, फक्त वेडंवाकडं. म्हणून लोक तिकडे बघत नाहीत. मी पहिल्यांदा ती आज्ञा दिली तेव्हा पडद्यावरून लाल अक्षरं धो-धो वाहत गेली. मोजली. ३१२.

खरं सांगते, मला आनंद झाला. किती दिवसांनी कुणीतरी माझ्यासमोर वह्यांचा गठ्ठा ठेवला होता.

पहिल्या आठवड्यात मी चाळीस चुका दुरुस्त करून एका दमात पाठवल्या. तो प्रोग्राम दोघं जण सांभाळतात. एक जर्मनीत, एक कॅनडात. दोघंही आपापली नोकरी करून संध्याकाळी, बिनपगारी. जर्मनीतल्या गृहस्थांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आभार मानले होते, आणि खाली अकरा शेरे! एवढं सगळं एकदम तपासता येत नाही, तुकडे करून पाठवा. आणि हो, तुम्ही जागोजागी 'कलर'च्या स्पेलिंगमध्ये 'यू' घातला आहे. आमच्याकडे अमेरिकन स्पेलिंग चालतं, शिवाय त्यातले तीन शब्द प्रोग्राममधल्या आज्ञांची नावं आहेत, ती बदलली तर वाचणाऱ्याचा प्रोग्राम चालणार नाही.

मी आपली शाळेत घोकलेलं इंग्रजी शुद्ध करत सुटले होते! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वहीत एवढं लाल झालं. समीर पोट धरून हसला. मग मीही हसले.

हळूहळू हात बसला. ईशानला बसमध्ये बसवलं की चहा घेऊन बसायचं आणि रोज तीन-चार वॉर्निंगा काढायच्या. बऱ्याचशा चुका रिकाम्या ओळीच्या असतात. यादी संपली की एक ओळ मोकळी सोडायची, मग पुढचा परिच्छेद. नाही सोडली तर स्फिंक्स ओरडतं. मला गंमत वाटायची, कारण मुलांना मी नेमकं उलटं शिकवलं होतं. "ओळी मोकळ्या सोडू नका रे, वही काय फुकट येते?" इथे मोकळ्या ओळीलाच अर्थ होता.

एकदा वाटलं, याच पद्धतीने सासूबाईंसाठी मराठीत एक पान लिहावं, फोटो कसे लावायचे त्याचं. शीर्षक दिलं 'दिवाळीचे फोटो'. खाली रेघ ओढली. दि-वा-ळी-चे चार, मधली जागा एक, फो-टो दोन. सात अक्षरं, सात चिन्हं. तरी वॉर्निंग, रेघ तोकडी! पुन्हा मोजली. सातच. शेवटी समीरला विचारलं, तेव्हा कळलं की संगणक आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. त्याच्या लेखी 'दि' म्हणजे 'द' एक आणि वेलांटी दुसरी. काने, मात्रे, वेलांट्या सगळे वेगळे धरून त्या शीर्षकाची मोजणी होते तेरा. मी तेरा चिन्हं दिली तेव्हा तो गप्प बसला. पडद्यावर रेघ शीर्षकाच्या कितीतरी पुढे गेलेली. मला दिसत होतं ते त्याला दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं ते मला नाही. तेव्हा हे नुसतं गमतीचं वाटलं.

पाच महिन्यांनी, एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागला तेव्हा, एके सकाळी मी ती आज्ञा दिली आणि पडद्यावर एकही लाल ओळ आली नाही. ३१२ वरून शून्य. संध्याकाळी समीर इंडियन स्टोअरमधून पेढे घेऊन आला. जर्मनीच्या गृहस्थांनी लिहिलं, आता यापुढे एकही वॉर्निंग आली तरी काम थांबेल अशी सोय करून ठेवतो, म्हणजे पुन्हा ढीग साचणार नाही.

गठ्ठा संपला होता. पण शिक्षकाची सवय जात नाही. तपासून झालेली वही परत देण्याआधी मी एकदा पहिल्यापासून चाळायची. तशीच आता एका बाजूला मूळ फाइल आणि दुसऱ्या बाजूला तयार झालेलं पान ठेवून, बोट फिरवत, मोठ्याने वाचत बसले. तिसऱ्या दिवशी एका जागी माझं बोट डावीकडे थांबलं आणि उजवीकडे त्याला जायला जागाच सापडली नाही.

मूळ फाइलमध्ये चार ओळींचा मजकूर होता. 'सावधान. ही आज्ञा सारखे वाटणारे फोटो मूळ जागेवरून कायमचे पुसते. वापरण्यापूर्वी सगळ्या फोटोंची प्रत वेगळी काढून ठेवा.' असा मजकूर पानावर रंगीत चौकटीत यावा म्हणून त्याच्या डोक्यावर एक खूण करतात. दोन टिंबं, एक जागा, 'वॉर्निंग' हा शब्द, आणि शेवटी लागोपाठ दोन अपूर्णविराम. इथे लिहिणाऱ्याने एकच अपूर्णविराम दिला होता. दोन दिले तर चौकट होते. एकच दिला तर स्फिंक्स समजतं, ही लेखकाची स्वतःसाठी केलेली टीप आहे, वाचकाला दाखवायची नाही. आणि तो सगळा मजकूर निमूटपणे गाळून टाकतं. तक्रार करत नाही, कारण त्याच्या नियमाने काहीच चुकलेलं नसतं.

"म्हणजे वॉर्निंगच गायब, आणि त्याची वॉर्निंग नाही!" समीर म्हणाला. त्याला हसू आलं. मला आलं नाही. जी चूक पान वेडंवाकडं करते ती निदान कुणाच्या तरी डोळ्यांत खुपते. हे पान तर अगदी नीटनेटकं होतं.

त्या चार ओळी कधी लिहिल्या गेल्या ते शोधलं. चार वर्षांपूर्वी. मग त्या आज्ञेबद्दल कुणी कधी काही कळवलं होतं का, ते जुन्या नोंदींत बघितलं. एक नोंद सापडली. एका माणसाने लिहिलं होतं, ही आज्ञा चालवली आणि माझ्या मुलीचे पहिल्या वर्षाचे बरेच फोटो गेले, ते परत मिळवता येतील का? खाली सांभाळणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर होतं, नाही. माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे, कृपया आधी वाचत चला. नोंद बंद.

त्या माणसाने पुढे काही लिहिलं नव्हतं.

उत्तर देणारा खोटं बोलत नव्हता. त्याने स्वतःच्या हाताने त्या ओळी लिहिल्या होत्या. तो नेहमी मूळ फाइलच बघायचा, तिथे त्या ठळक दिसत होत्या. तयार पान वाचकाच्या खुर्चीत बसून त्याने कधी वाचलं नव्हतं. मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मला त्याचा रागही येत नव्हता, कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. माझंच होतं.

आठवी 'ब' मध्ये एक मुलगी होती. तिला आपण सुमन म्हणू. शेवटून दुसरा बाक. शांत, नीटनेटकी, दोन वेण्या. वही बघण्यासारखी, अक्षर गोल, एक शब्द गाळलेला नाही. मी त्या वहीवर दोन सेकंदांच्या वर कधी थांबले नसेन. बरोबरची खूण, 'छान', पुढची वही. माझा सगळा वेळ खायचे ते पुढच्या बाकांवरचे उपद्व्यापी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या शेजारची मैत्रीण आजारी पडून आठवडाभर आली नाही. सुमनच्या वहीत ते सगळे दिवस कोरे. मी तिला उभं केलं. "काय गं, सगळं फळ्यावर लिहिलं होतं ना?" ती गप्प. "एवढं मोठं लिहिलेलं दिसत नाही का?" वर्ग हसला. ती खाली बघत उभी राहिली. मी तिला तो सगळा धडा दोनदा लिहून आणायला सांगितला. तिने आणला. अक्षर तितकंच गोल.

जानेवारीत आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं. डोळे तपासणाऱ्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "बाई, ही मुलगी आजवर शिकली कशी? हिला त्या बाकावरून फळ्यावर काही लिहिलंय एवढंसुद्धा कळत नसेल." ती सगळं शेजारणीच्या वहीतून उतरवत होती. घरी सांगितलं तर खर्च येईल म्हणून घरी बोलली नव्हती. मला तर तिने सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मी तिला विचारलं होतं, "दिसत नाही का?" आणि उत्तराला जागा ठेवली नव्हती.

तिला चष्मा मिळाला. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं. पण "त्या दिवशी माझं चुकलं" एवढं काही मी तिला म्हणाले नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याला असं म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. वर्ष संपलं, ती नववीत गेली. पुढे माझं लग्न ठरलं.

त्या रात्री मी अपूर्णविरामाची दुरुस्ती पाठवली. एकच टिंबांची जोडी. पाच महिन्यांत पाठवलेल्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये ती सर्वांत छोटी होती. मग सगळ्या फाइली त्याच नजरेने चाळल्या, तेव्हा आणखी तीन ठिकाणी तसेच गाळलेले मजकूर सापडले. अशा न बोलणाऱ्या चुका हुडकायला स्फिंक्स-लिंट नावाचं वेगळं साधन आहे, हे मला नंतर कळलं. आता तेही तिथे बसवलंय.

आणि मग त्या बंद नोंदीखाली इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. लिहायला तासभर लागला. 'तुम्ही हे विचारलं तेव्हा ही सूचना पानावर दिसत नव्हती. आमच्या खुणेत चूक होती. तुम्ही वाचलं नाही म्हणून हे झालेलं नाही.' पाठवण्याआधी 'आमच्या' या शब्दावर थांबले. हा प्रोग्राम काही माझा नव्हता, ती ओळ मी लिहिलेली नव्हती. तरी 'आमच्या'च ठेवलं. दुसऱ्या दिवशी जर्मनीच्या गृहस्थांनी खाली एक ओळ जोडली, 'त्या वेळचं उत्तर मी दिलं होतं. मला माफ करा.' फोटो गेलेल्या माणसाचं उत्तर आलेलं नाही. चार वर्षांनी कशाला येईल? त्याच्या मुलीचे फोटो काही त्याने परत येणार नाहीत.

समीरला हे सगळं जेवताना सांगितलं. सुमनचंही, पहिल्यांदाच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू इथे आल्यापासून खूश नाहीयेस, हे तू मला सांगितलं होतंस का?" मी म्हणाले, "सांगितलं होतं की." आणि मग आठवून बघितलं. मनात हजार वेळा सांगितलं होतं. भांडी जोरात ठेवून सांगितलं होतं. तोंडाने? आईला फोनवर सांगावं तसं "सगळं ठीक" हेच त्यालाही सांगत आले होते. आमच्या घराचं पानही बाहेरून अगदी नीटनेटकं दिसत होतं. त्या रात्री आम्ही खूप उशिरापर्यंत बोललो. त्याने माझा व्हिसा बदलला नाही आणि बर्फही कमी झाला नाही. पण निदान त्या ओळी पानावर आल्या.

सप्टेंबरपासून मी आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवते आहे. मानधन नाही, फळा आहे. तेही पांढरा, मार्करचा. चौदा मुलं. पहिल्याच दिवशी 'दिवाळी' हा शब्द लिहून मी त्यांना किती अक्षरं ते विचारलं. कुणी तीन म्हणालं, कुणी सहा. या वेळी मी दोघांनाही आधी "कसं मोजलंस?" असं विचारलं.

आणि एक सवय लावून घेतली आहे. फळ्यावर लिहून झालं की मार्कर खाली ठेवते, वर्गाच्या मागे जाते आणि शेवटच्या बाकावर, मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन बसते. मुलांना हसू येतं. "टीचर, व्हॉट आर यू डुइंग?" ईशान तर लाजेने डोकं बाकावर टेकतो. मी तिथून माझंच अक्षर वाचून बघते. मागच्या रविवारी ट्यूबलाइटची तिरीप पडून फळ्याची उजवी बाजू पुसल्यासारखी दिसत होती. उठून गेले आणि तेवढं पुन्हा डावीकडे लिहून काढलं.